पेन्सिलीतले मार्क

परीक्षेच्या वर्गातलं घड्याळ आमच्या सरांना बघवत नसे. पेपर वाटायच्या आधी ते चपला काढून पहिल्या बाकावर चढायचे, भिंतीवरचं घड्याळ उतरवायचे, शबनम पिशवीत कोंबायचे आणि मुलांना सांगायचे, "आता निवांत लिहा. कुणाची बस असेल त्याने तेवढं बोला." पिशवीत घड्याळ टिकटिकत राहायचं. पेपर संपला की सरांना त्याचा साफ विसर पडायचा आणि ते त्यांच्याबरोबर स्कूटरवरून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या ऑफिसात सरांच्या घरून काकूंचा फोन यायचा, "अहो, आज परत एक घड्याळ आलंय आमच्याकडे. न्यायला कुणी येतंय, की मी स्वयंपाकघरात लावून टाकू?"

मी त्या कॉलेजात गणित शिकवायला लागले ती तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मॅडम, नाही घेतला तर पाहुणी. दरवर्षी जूनमध्ये नव्याने अर्ज करायचा, नव्याने हसतमुख राहायचं. पहिल्याच दिवशी सरांनी मला विचारलं, "कुठून येता?" मी म्हटलं, "ओझरहून." "बस किती वाजताची?" मी सांगितलं. झालं, त्या दिवसापासून मी ओझर. माझं नाव, माझी पदवी, नेट-सेट सगळं गेलं खड्ड्यात. स्टाफरूमच्या दारातून हाक यायची, "ओझर, चहा?"

मुलांचंही तेच. हजेरीपटावरची नावं सरांना पाठ होती, पण वापरायला आवडायची नाहीत. "सायखेडा, फळ्यावर ये. चांदवड, तू हसू नकोस, पुढचा नंबर तुझा आहे." कॉलेज रोडवर राहणारा एक गोरागोमटा मुलगा होता, दोन क्लास लावलेला, कॉलेजला चालत येणारा. त्याला काय म्हणायचं हा सरांना मोठाच पेच पडला. शेवटी ते म्हणाले, "तुला बसच नाही रे. तू बिनबसचा." आख्खं वर्ष तो बिनबसच्या राहिला. त्याची आई तक्रार घेऊन आली तर सरांनी तिलाही विचारलं, "आपण कुठून आलात?"

दिसायला सर अगदी साधे. पण त्यांच्या शर्टावर कायम खोडरबराचा भुगा असायचा, न्हाव्याच्या गिऱ्हाईकासारखा. कारण ते मार्क पेन्सिलीने द्यायचे. लाल पेन त्यांनी म्हणे कितीतरी वर्षांपूर्वी शिपायाच्या पोरीला चित्र रंगवायला देऊन टाकलं होतं. पेपर तपासताना चुकलेल्या गणिताला ते शून्य देत नसत. तिथे बारीक अक्षरात लिहायचे, "अजून नाही." मुलगा परत आला, तेवढंच गणित परत सोडवलं, आलं, की सर आधीचं खोडायचे, फुंकर मारायचे आणि नवा मार्क लिहायचे. मग तो भुगा उडायचा माझ्या डब्यात.

मला सुरुवातीला हे सगळं लाडाचं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मी ओझरच्या विमान कारखान्यातल्या माणसाची लेक. तिथे केसाच्या जाडीचा फरक पडला तर भाग टाकून देतात, 'अजून नाही' म्हणत नाहीत. मी सरांना तसं म्हटलंसुद्धा. सर म्हणाले, "बरोबर आहे, ओझर. पण तुमचे वडील पहिल्या दिवशी मशीनवर उभे राहिले तेव्हा त्यांनी किती भाग वाया घालवले ते विचारा घरी." मी घरी विचारलं. वडिलांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि म्हणाले, "तुझ्या त्या सरांना काही कामं नाहीत का?" 

सरांची शिकवायची तऱ्हा अशी, की फळ्यावर गणित सोडवताना ते मधेच मुद्दाम एक चूक करायचे आणि काही न झाल्यासारखे पुढे जायचे. वर्गाने पकडली तर खूश. नाही पकडली तर रुसायचे, खडू ठेवून खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे आणि पाठमोरे म्हणायचे, "माझ्यावर एवढा विश्वास टाकू नका. बरं नाही ते." आता गंमत अशी की माणूस आहे, कधी खरोखरची चूकही व्हायचीच. पण मुलांनी दाखवली की सर मान डोलवून म्हणायचे, "शाब्बास, बघत होतो तुमचं लक्ष आहे का." यातली मुद्दामची कुठली आणि खरी कुठली हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मला वाटतं त्यांनाही नाही.

एकदा सकाळी साडेसातच्या चाचणीला पेठकडची मुलं ओळीने उशिरा आली. वर्गात शिरेपर्यंत अर्धा वेळ गेलेला. प्राचार्य म्हणाले, या मुलांना गांभीर्यच नाही.  पुढच्या चाचणीच्या आदल्या दिवशी सर पेठला एका मुलाच्या घरी जाऊन राहिले, नागलीची भाकरी खाल्ली, आणि सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले. त्या दिवशी सर स्वतःच्याच चाचणीला पाऊण तास उशिरा आले. शहरातली मुलं सरांची वाट बघत वर्गात टंगळमंगळ करत होती आणि प्राचार्य दारात हाताची घडी घालून उभे होते. सर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मला गांभीर्य नाही, लिहून घ्या." मग स्टाफरूममध्ये बसून म्हणाले, "त्या पोरांना गणित येत नाही असं नाही हो, वेळेवर एसटी येत नाही." पुढच्या वर्षीपासून चाचणी अकराला झाली.

प्रश्नांचंही त्यांचं असंच. पुस्तकातल्या गणितात एक पोहण्याचा तलाव होता आणि त्याच्या काठाला फरशी बसवायची होती. चांदवडच्या मुलाने हात वर करून विचारलं, तलावाला काठाने फरशी कशाला? सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी पुढच्या चाचणीत तलाव काढला आणि कांद्याची चाळ घातली. चाळीत कांदा भरला, दर आठवड्याला वजन घटतं, आणि घटायचा वेगही बदलतो, तर अमुक दिवशी घट किती. चांदवडवाल्याने बसल्या बसल्या सोडवलं. बिनबसच्या उभा राहिला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, हा अन्याय आहे. चाळीत कांदा कसा ठेवतात? चाळीत तर माणसं राहतात." आख्खा वर्ग फुटला. सर मात्र हसले नाहीत. त्याच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. अन्यायच आहे. आता चांदवडला विचार, तो तलावाच्या काठी किती वर्षं उभा होता." मग त्या दोघांना त्यांनी एका बाकावर बसवलं. त्या दिवाळीत बिनबसच्या चांदवडला जाऊन चाळ बघून आला आणि येताना कांद्याच्या वासाची बॅग घेऊन आला.

हे सगळं ज्यांना बघवत नव्हतं ते आमचे परीक्षा अधिकारी. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, विद्यापीठाचे सुवर्णपदक, इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. माणूस वाईट नव्हता बरं का. कुणाचा अर्धा मार्क इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, या एका गोष्टीवर त्यांचं आयुष्य उभं होतं. पेन्सिलीतले मार्क बघितले की त्यांच्या कपाळाची शीर उठायची. "सर, ही परीक्षा आहे की भजनी मंडळ? येत नाही तोवर म्हणत राहा?" सर शांतपणे म्हणायचे, "भजनी मंडळात तरी सगळ्यांना म्हणायला येतं."

त्या वर्षी पहिल्या वर्षाला एक मुलगी आली. सुरगाण्याच्याही पलीकडच्या पाड्यावरची. बारावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली, इथे मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहणारी. सरांनी अर्थातच तिचं नाव सुरगाणा ठेवलं. ती पहिले दोन महिने बोललीच नाही. वसतिगृहाचा नियम असा, की कॉलेजच्या चाचणीत सगळ्या विषयांत पास, तरच पुढच्या वर्षी खोली. खोली गेली तर सुरगाण्याहून रोज नाशिकला येणं-जाणं होण्यासारखं नव्हतं. म्हणजे गणितात नापास झाली की कॉलेज संपलं, इतका सरळ हिशोब.

पहिली चाचणी आख्ख्या कॉलेजची एकत्र व्हायची. ती परीक्षा विभाग घ्यायचा, इंग्रजीत आणि घड्याळ लावून. तिथे सरांचं काही चालत नसे. सुरगाणाचा पेपर जवळजवळ कोरा आला. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, तर ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "गणित येतं मॅडम. पण पयलं इंग्लिश वाचायचं, मंग मनात मराठी करायचं, तवर पेपर घेऊन जातेत."  त्यापुढे मी 'लाड' हा शब्द वापरला नाही.

शेवटचा मार्क मात्र सरांच्याच हातात असायचा, आणि त्यांची फेरचाचणी मंगळवारी असायची, मराठीतून आणि बिनघड्याळाची. सुरगाणा दुसऱ्यांदा बसली आणि निम्मं आलं. तिसऱ्यांदा बसली, एक गणित सोडून सगळं आलं. ते एक गणित टाकीचं. एका नळाने टाकीत पाणी येतंय, त्या नळाचा जोर हळूहळू कमी होतोय, खालून दुसऱ्या नळाने पाणी जातंय, तर टाकी किती वेळात भरेल. पास व्हायला तेवढंच एक कमी पडत होतं. मी सरांना म्हटलं, "द्या ना सोडून. एवढं केलंय पोरीने." तर सर असे काही बघायला लागले माझ्याकडे, जणू मी त्यांच्या डब्यातली पोळी उचलली. "फुकट कसं देऊ, ओझर? तिला येणार आहे ते. येणाऱ्या गोष्टीची भीक घालतात का?" आणि लिहिलं, "अजून नाही." मला असा राग आला त्यांचा. दोन दिवस मी त्यांच्याबरोबर चहा घेतला नाही.

नेमका त्याच आठवड्यात परीक्षा अधिकाऱ्यांनी प्राचार्यांच्या खोलीत बैठक लावली. विषय एकच. फेरचाचण्या बंद, पेन्सिल बंद, आणि या वर्षीचे मार्क पहिल्या चाचणीचेच धरायचे. म्हणजे सुरगाणाचा तो कोरा पेपर. मी बैठकीचं इतिवृत्त लिहायला बसले होते.

परीक्षा अधिकारी बरंच बोलले. शिस्त, दर्जा, नापास होण्यातूनच माणूस घडतो वगैरे. प्राचार्य वनस्पतिशास्त्राचे, ते मान हलवत होते. वाणिज्यचे विभागप्रमुख बिस्किट बुडवत होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मान्य. करा ठराव. फक्त आधी त्या चाचणीतलं एक गणित तुम्ही सोडवा. पहिल्या वर्षाचंच आहे. पंधरा मिनिटं." परीक्षा अधिकारी हसले. "द्या इकडे. पंधरा कशाला, पाच द्या." ते पुढे झाल्यावर बाकीच्यांना मागे राहता येईना.

सरांनी पिशवीतून कागद काढले. मग घड्याळ काढलं, टेबलाच्या मधोमध उभं केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घड्याळ लावताना बघत होते. मग माझ्याकडे वळले. "ओझर, पर्यवेक्षण करा." कपाळ माझं. ज्यांनी जूनमध्ये माझ्या अर्जावर सह्या करायच्या, त्यांच्यावर मी पहारा करायचा.

कागद हातात घेतल्याबरोबर परीक्षा अधिकारी म्हणाले, "ही कुठली भाषा आहे?"

"अहिराणी," सर म्हणाले. "आपल्याच जिल्ह्यातली. सटाण्याच्या एका दोस्ताकडून लिहून घेतलं. गणित तेच आहे."

"टाकीमा पानी कितलं शे," प्राचार्यांनी मोठ्याने वाचलं आणि चष्मा पुसला.

"चौदा मिनिटं राहिली," सर म्हणाले.

त्यानंतर त्या खोलीत जे काही झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. वाणिज्यवाल्यांनी मिनिटाभरात पेन खाली ठेवलं आणि छताकडे बघायला लागले. प्राचार्यांनी टाकीचं चित्र काढलं, सुंदर काढलं, अगदी पानाफुलांच्या चित्रासारखं छायाबिया देऊन, आणि तिथेच थांबले. परीक्षा अधिकारी मात्र भराभर लिहीत होते. पण दर दोन ओळींनी त्यांची नजर घड्याळाकडे जायची, आणि कानाच्या पाळ्या लाल होत चालल्या होत्या. "तीन मिनिटं," सर म्हणाले. तेवढ्यात मी बघते तर प्राचार्यांची मान डावीकडे कललेली आणि वाणिज्यवाल्यांची उजवीकडे. मधे परीक्षा अधिकारी. मी खोकले. प्राचार्य माझ्याकडे बघून अगदी लहान मुलासारखं हसले आणि पुन्हा डावीकडे कलले. मी काय करणार? पहिल्या वर्षाचा पोरगा असता तर कान धरला असता.

कागद गोळा केले. सरांनी तिन्ही शेजारी शेजारी ठेवले, बघितले आणि मला दिले. तिघांचंही उत्तर एकच होतं. टाकी भरायला उणे अठरा मिनिटं.

"म्हणजे आपण चहा मागवायच्या आधीच टाकी भरली होती," सर म्हणाले. "आणि तिघांच्याही घरी."

वाणिज्यवाले हसले, मग आपण कशाला हसलो हे लक्षात येऊन गप्प झाले. परीक्षा अधिकाऱ्यांनी कागद ओढून घेतला, बघितला, आणि त्यांचा चेहरा पडला. "चिन्ह चुकलं," ते म्हणाले. "एक वजा राहिला फक्त. सर, मला येतं हो हे. घाईत झालं. परत द्या, आत्ता सोडवून दाखवतो."

 सर नुसते त्यांच्याकडे बघत होते. इतके दिवस ज्या माणसाला चिडवलं त्याच्याकडे ते इतक्या मायेने बघतील असं मला वाटलं नव्हतं. परीक्षा अधिकाऱ्यांना आपण काय बोललो ते दोन-तीन क्षणांनी ऐकू आलं असावं. त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, परत खोचलं.

"मंगळवारी या," सर म्हणाले.

प्राचार्य घसा साफ करत म्हणाले, "मग ठराव पुढच्या बैठकीत घेऊ." तर परीक्षा अधिकारीच म्हणाले, "पुढच्या बैठकीत कशाला? मागे घेतो मी." आणि निघून गेले. इतिवृत्तात मी काय लिहू म्हणून सरांना विचारलं. ते म्हणाले, "लिहा, चहा झाला."

मंगळवारी सरांच्या वर्गात मागच्या बाकावर परीक्षा अधिकारी येऊन बसले. खरंच आले हो. पोरांच्या तोंडचं पाणी पळालं. सर त्यांना फक्त एवढंच म्हणाले, "आज मराठीत दिलंय." पुढच्या बाकावर सुरगाणा एकटी, टाकीचं गणित घेऊन. शुक्रवारी वसतिगृहाला याद्या जायच्या होत्या. आज आलं तर खोली, नाही तर पेटी बांधायची. मी दारात उभी होते आणि आमच्या घरच्या सगळ्या देवांना बोलावून झालं होतं.

तिने सोडवलं. सावकाश, दोनदा खोडून. सरांनी कागद हातातही न घेता विचारलं, "यात गडबड कुठे होते, सांग."

 तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "हितं. हितला वजा ऱ्हायला का टाकी नळ सोडायच्या आधीच भरती."

मागच्या बाकावरून खोडरबर घासल्याचा आवाज आला.

सरांनी मार्क लिहिला. मग खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि बराच वेळ वळलेच नाहीत. रुसले की काय, असं एखाद्या नवख्याला वाटलं असतं.

सुरगाणा बाहेर व्हरांड्यात आली आणि घरी फोन लावला. पाड्यावर रेंज जेमतेम, त्यामुळे ती ओरडूनच बोलत होती. जी मुलगी दोन महिने बोलली नव्हती तिचा आवाज पार जिन्यापर्यंत जात होता. "आई, पास झाली. खोली ऱ्हायली." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. त्यावर ती आणखी मोठ्याने म्हणाली, "नाय गं, पयल्यांदा नाय. चवथ्यांदा." व्हरांड्यातली दहा-बारा पोरं वळून बघायला लागली. तिला त्याचं काही नव्हतं. तिने परत एकदा सांगितलं, "चवथ्यांदा," आणि हसली.

परीक्षा अधिकारी वर्गातून बाहेर आले होते. तिचा फोन संपेपर्यंत ते शेजारी उभे राहिले. ती दचकून बाजूला झाली तर म्हणाले, "थांब. माझंही आलं आज. दुसऱ्यांदा."

तिने त्यांच्याकडे बघितलं. त्या इस्त्रीच्या शर्टाकडे, तीन पेनांकडे. आणि घरातल्या लहानग्याला समजवावं तशी म्हणाली, "येतं, सर. मला पण पयल्यांदा लय भ्याव वाटलं व्हतं."

"हो," परीक्षा अधिकारी म्हणाले. "मलाही."